प्लांट येणार म्हणून बाग मोडायची का?

पैठण तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. नाव, गाव आणि कंपनीचं नाव गाळून त्याचा सारांश देते.

वय ४६. गाव बिडकीन औद्योगिक क्षेत्राच्या कडेला. भूसंपादनात बरीच जमीन गेली, मोबदल्यातून घर झालं, गाडी आली, दहा लाख मुदत ठेवीत आहेत. साडेतीन एकर उरलंय, त्यात दोन एकर मोसंबी. आता जवळच बॅटरीचा प्लांट येणार म्हणतात. यजमानांना मोसंबी काढून रस्त्याकडेला भाड्याच्या वीस खोल्या बांधायच्या आहेत, बँक चाळीस लाख द्यायला तयार आहे. "वाळूजला ज्यांनी तेव्हा खोल्या काढल्या ते आज बसून खातात," हे त्यांचं पालुपद. धाकटे दीर उलट्या टोकाला: हा कॅन्सरचा कारखाना आहे, गाव उठवतील, आंदोलन करायचं. मुलगा इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला, "आपली जमीन गेली, मला घ्यावंच लागेल" असं धरून चाललेला. मुलगी बी.एस्सी. केमिस्ट्रीला, "तिचं बघू, स्थळं येतायत." ताई स्वतः ग्रामपंचायत सदस्य. कंपनीच्या माणसाने 'सहकार्याचा ठराव' मागितलाय. "सही केली तर दीर घरात बोलायचे नाहीत, नाही केली तर यजमान म्हणतात पोराच्या नोकरीवर पाणी सोडलंस. तुम्हीच सांगा, प्लांट चांगला की वाईट?"

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. चार पानं आहेत, त्यात खोल्यांचं माप आहे, बँकेच्या साहेबाचं म्हणणं आहे, दिरांनी पाठवलेल्या फोटोंचं वर्णन आहे. फक्त बॅटरी कसली, हे कुठेच नाही. मला वाटतं तुमच्या घरातलं निम्मं भांडण तिथेच आहे. दीर एका कारखान्याबद्दल बोलतायत, यजमान दुसऱ्याच.

इन्व्हर्टर, ट्रॅक्टर, ट्रक यांच्यात असते ती शिशाची बॅटरी. तिच्या कारखान्यात शिसं वितळवतात, त्याची भुकटी करतात, लगदा करून जाळीवर थापतात, गंधकाचं आम्ल भरतात. इथली खरी भीती त्या भुकटीची. ती दिसत नाही, वास येत नाही, कामगाराच्या शर्टाला, केसांना, चपलांना चिकटून घरी येते. बाप घरी येऊन अंघोळीआधी पोराला उचलून घेतो, तेवढं पुरतं. शिसं लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करतं आणि त्याची सुरक्षित अशी पातळीच नाही. रक्तात डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम शिसं सापडलं तर ते कुठून येतंय हे शोधा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. १९४८ च्या कारखाने कायद्यात, नोंद सक्तीची असलेल्या आजारांची यादी होती. तिच्यात पहिलं नाव शिशाच्या विषबाधेचं होतं. म्हणजे हे कुणी व्हॉट्सअॅपवर काढलेलं खूळ नाही.

आपल्याच देशातलं उदाहरण घ्या. एप्रिल २०२१ मध्ये आंध्र प्रदेशच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने अमरराजा कंपनीचे तिरुपतीजवळचे आणि चित्तूर जिल्ह्यातले कारखाने शिशाच्या प्रदूषणाचं कारण देऊन बंद करायचे आदेश काढले. कंपनीने आरोप नाकारले, काही दिवसांतच हायकोर्टाने त्या आदेशांना स्थगिती दिली. कोण खरं, कोण खोटं, यात मी पडत नाही. पण हजारो कामगारांची रोजी ज्या गेटवर अवलंबून आहे ते एका कागदाने बंद होतं आणि दुसऱ्या कागदाने उघडतं, तेव्हा आजूबाजूच्या गावांनी ते दिवस कसे काढले असतील याची कल्पना तुम्ही करू शकता.

दुसरा प्रकार लिथियमच्या सेलचा. मोबाइल, स्कूटर, मोटारीत असते ती. इथे शिसं नाही. तांब्याच्या आणि अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांवर रसायनाचा लेप देतात, सुकवतात, दाबतात, कापतात, गुंडाळतात आणि ज्वलनशील द्रव भरतात. हवेतला ओलावा सेलला चालत नाही म्हणून कारखान्यातले काही विभाग अहोरात्र कोरडे ठेवावे लागतात, त्याला वीज प्रचंड लागते. यंत्रं थंड ठेवायला पाणी लागतं. लेप पातळ करायला बहुतेक ठिकाणी एनएमपी नावाचं द्रावण वापरतात. ते गर्भाला धोक्याचं म्हणून युरोपात वर्गीकृत आहे. ते हवेत न सोडता परत गोळा करायची यंत्रणा कारखान्यात असते, ती नीट चालते की नाही हा प्रश्न. आणि आग. २४ जून २०२४ ला दक्षिण कोरियात ह्वासंग इथल्या लिथियम बॅटरी कारखान्यात आग लागली, २३ माणसं गेली. त्यातले १८ परदेशी मजूर होते, बहुतेक ठेकेदारामार्फत आलेले. आगीची सुरुवात बॅटऱ्यांपासून झाली, पण माणसं मेली ती बाहेर पडायची वाट वेळेत न सापडल्याने.

तिसरा प्रकार सगळ्यात सौम्य: नुसता पॅक जोडायचा. सेल बाहेरून, बरेचदा चीनमधून, तयार येतात. इथे वेल्डिंग, वायरिंग, तपासणी आणि पेटीत बसवणं. धूर-पाणी किरकोळ. आपल्याकडे 'बॅटरी प्लांट' म्हणून ज्यांचं भूमिपूजन होतं त्यातले कितीतरी एवढंच करतात. साठवलेल्या सेलना आगीचा धोका असतो, तो सोडला तर हा प्रकार टीव्हीच्या कारखान्यासारखा. धोका कमी, पण गावाला मिळणारा पैसाही बेताचा.

तेव्हा आधी हे शोधा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ कारखान्याला उभारणीची आणि नंतर चालवण्याची संमती देतं. त्या संमतीपत्रात काय बनवणार, किती बनवणार, पाणी किती वापरणार, सांडपाणी किती आणि कुठे सोडणार, चिमण्या किती, हे सगळं लिहिलेलं असतं. मंडळाच्या संकेतस्थळावर ही पत्रं टाकतात. मुलाला शोधायला लावा, नाही सापडलं तर माहिती अधिकारात अर्ज टाका. कंपनीच्या माणसाकडूनही लेखी मागा. ठराव मागायला आलेल्या माणसाला एवढं विचारण्याचा तुम्हाला पुरेपूर हक्क आहे.

आता तुमच्या सहीबद्दल. थोडं कडू लागेल, पण तुमची सही हा प्लांट आणणारही नाही आणि अडवणारही नाही. बिडकीनचं ७,८५५ एकरांचं क्षेत्र औद्योगिक म्हणून आखलेलं आहे, सप्टेंबर २०२४ मध्ये त्याचं लोकार्पणही झालं. अशा मंजूर औद्योगिक क्षेत्राच्या आत येणाऱ्या प्रकल्पांना २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत जनसुनावणीतून सूट आहे. हंगेरीत डेब्रेत्सेनला चीनच्या सीएटीएल कंपनीचा ७३० कोटी युरोंचा सेल कारखाना जाहीर झाला, तेव्हा जानेवारी २०२३ च्या सुनावणीत गावकऱ्यांनी पाण्यावरून अधिकाऱ्यांना तोंडावर सुनावलं. तसं व्यासपीठ तुम्हाला कदाचित मिळणारच नाही. म्हणून दिरांनी तुमच्या सहीवर सगळा राग काढण्यात अर्थ नाही आणि यजमानांनी पोराच्या नोकरीचं ओझं त्या सहीवर टाकण्यातही नाही. हे दोघांना एकत्र बसवून सांगा. वेगवेगळं सांगितलंत तर दोघंही तुम्हाला समोरच्या पार्टीतलं समजतील!

सहीची किंमत दुसरीकडे आहे. कंपनीला ठराव हवाय तो फायलीला लावायला, वर दाखवायला. तिला तो हवाय, तर तुम्ही त्यात काय लिहायचं ते ठरवा. याच्याकडे शेवटी येते.

मुलाचं. "जमीन गेली म्हणून घ्यावंच लागेल" असं कुठे लिहून मिळालंय का? मोबदल्याच्या करारात, सरकारी पत्रात? असेल तर त्याची झेरॉक्स काढून ठेवा. नसेल तर ते मनातून काढायला लावा, आज काढलं तर कमी दुखेल. स्थानिकांना ऐंशी टक्के जागा, हे सगळे ऐकतात. पण राज्याच्या धोरणात स्थानिक म्हणजे पंधरा वर्षं महाराष्ट्रात राहिलेला. चंद्रपूरचा मुलगाही स्थानिक, सांगलीचाही. गावाच्या वेशीला त्यात काही स्थान नाही.

आणि हे कारखाने माणसं कमी, यंत्रं जास्त असे असतात. तेलंगणात महबूबनगरजवळ दिविटिपल्लीला अमरराजाचाच लिथियमचा प्रकल्प उभा राहतोय. जाहीर झाला तेव्हा दहा वर्षांत ९,५०० कोटी गुंतवणूक आणि ४,५०० जणांना थेट काम, असं सांगितलं. भागून बघा, एका नोकरीमागे दोन कोटींहून जास्त. एवढे पैसे ओतून माणूस ठेवतात तो यंत्र बंद पडलं तर चालू करणारा. बाकी गेटवर, कँटीनमध्ये, झाडलोटीला, मालाच्या चढउताराला जी भरती होते ती बहुतेक ठेकेदाराकडून. वाळूजची पोरं तुम्हाला सांगतील, सहा-सात महिने झाले की ब्रेक आणि पुन्हा नवा गेटपास.

मुलाचा डिप्लोमा त्यामुळे कामाचा आहे, पण तेवढ्यावर थांबू नये. देखभाल, पीएलसी (यंत्रांना हुकूम देणारा छोटा संगणक), मोटर-ड्राइव्ह, सेन्सर हे ज्याला येतं तो बॅटरीच्या प्लांटमध्येही लागतो आणि बाटल्या भरायच्या कारखान्यातही. संभाजीनगर शहरात इंडो-जर्मन टूल रूम ही सरकारी प्रशिक्षण संस्था आहे, तिथले ऑटोमेशनचे अभ्यासक्रम त्याने बघावेत, आणि शिकाऊ उमेदवारीसाठी सरकारी पोर्टलवर नाव नोंदवावं. 'बॅटरी टेक्निशियन, शंभर टक्के जॉब' असे फलक लावून साठ-सत्तर हजार घेणारे क्लास आता बिडकीन-चितेगावच्या रस्त्याला उगवतीलच. त्यांच्यापासून चार हात लांब.

पण ताई, मला पत्रात सगळ्यात टोचलं ते मुलीचं अर्धं वाक्य. घरात केमिस्ट्री शिकणारी एकच आहे आणि प्लांटचा विषय निघाला की तिला कुणी विचारत नाही. सेलचा कारखाना असेल तर तो सगळा रसायनाचाच खेळ आहे: आलेल्या मालाची तपासणी, लेपाची जाडी आणि घट्टपणा, ओलावा, सांडपाण्याची चाचणी. या प्रयोगशाळेच्या जागा ठेकेदाराकडून भरणं अवघड असतं. तिने एम.एस्सी. केलं किंवा पृथक्करणाच्या उपकरणांचा चांगला अभ्यासक्रम केला, तर तुमच्या घरातून त्या गेटच्या आत जायची चांगली संधी मुलापेक्षा तिला आहे. तिला तिथे जायचंय की नाही, हा तिचा प्रश्न. पण स्थळं येण्याआधी विचारा तरी. आणि नोकरी नको म्हणाली तरी गावाला ते संमतीपत्र वाचून दाखवणारं माणूस लागणारच आहे.

आता खोल्या. यजमानांचं सगळं चूक आहे असं मी म्हणणार नाही. वाळूजला रांजणगाव, जोगेश्वरी, बजाजनगर भागात भाड्यावर घरं उभी राहिली हे खरंय. पण तिथे १९८५ मध्ये बजाजचा कारखाना आला, त्याच्यामागे शेकडो पुरवठादार आले आणि त्या काळच्या कारखान्यांना हातांची गरज होती. एक प्लांट म्हणजे वाळूज नव्हे.

कागद घेऊन बसा. चाळीस लाख, पंधरा वर्षं, व्याज दहा टक्के धरलं तर हप्ता जवळपास ४३ हजार. खोलीला तुम्ही तीन हजार भाडं धरलंय, वीस खोल्यांचे साठ हजार. म्हणजे पंधरा खोल्या बारा महिने भरलेल्या राहिल्या तर फक्त बँक भागते. वीज, टँकर, बोअरची मोटर, रंग, भाडं बुडवून रात्रीत पळालेला भाडेकरू, हे त्यातून उरलेल्या पाच खोल्यांवर. दहाच खोल्या भरल्या तर दरमहा तेरा हजार घरातून घालायचे, आणि तोपर्यंत मोसंबी तोडलेली असेल. बाग पुन्हा लावली तरी फळ हाती यायला चार-पाच वर्षं जातात.

माणसांची सगळ्यात जास्त गर्दी असते बांधकाम चालू असताना, दोन-तीन वर्षं. परराज्यातले मजूर, फिटर, वेल्डर, तेव्हा खोली मिळत नाही, भाडी चढतात. प्लांट सुरू झाला की ही सगळी मंडळी पुढच्या साइटवर जातात. यजमान चढलेल्या भाड्यावर पंधरा वर्षांचा हिशेब मांडतायत.

आणि प्लांट सुरू झाला म्हणजे टिकला असंही नाही. स्वीडनच्या उत्तरेला शेलेफ्तेओ नावाचं सत्तर-पंचाहत्तर हजार वस्तीचं गाव आहे. तिथे नॉर्थव्होल्ट कंपनीने युरोपची शान म्हणून सेलचा कारखाना काढला. २०२१ च्या शेवटी पहिला सेल निघाला. जगभरातून माणसं आली, नगरपालिकेने घरं, शाळा बांधायला घेतल्या. पण ठरलेलं उत्पादन काही निघेना. २०२४ मध्ये बीएमडब्ल्यूने सुमारे दोनशे कोटी युरोंची ऑर्डर रद्द केली, सप्टेंबरात कंपनीने स्वीडनमधले १,६०० जण कमी करायचं जाहीर केलं, आणि १२ मार्च २०२५ ला तिने दिवाळखोरी जाहीर केली. ज्या सरकारकडे पैसा आहे, बेकारभत्ता आहे, त्या देशात हे झालं. पुढे दुसऱ्या कंपनीने मालमत्ता घ्यायची तयारी दाखवली, पण मधल्या काळात हप्ते कुणाचे थांबत नाहीत. बॅटरीचं रसायन दर काही वर्षांनी बदलतं, चीनमधून सेल स्वस्त पडतो, आणि जाहीर झालेले प्रकल्प आपल्याकडेही रखडतात. भूमिपूजनाचा फोटो बघून बँकेचा साहेब खूश झाला तरी तारण तुमच्या सातबाऱ्याचं आहे.

मी तुमच्या जागी असते तर मोसंबीला हात लावला नसता. रस्त्याकडेच्या मोकळ्या तुकड्यावर पाच खोल्या. खोलीला दोन लाख हा तुमचाच हिशेब, म्हणजे दहा लाख. त्यातले पाच ठेवीतून, पाच कर्जाने सात वर्षांसाठी. हप्ता साधारण ८,३०० येतो, तीन खोल्या भरल्या की निघतो. बांधकामाला लागेल ती परवानगी आधी घ्या, नाहीतर उद्या रस्ता रुंद होताना खोल्या एका नोटिशीत जातील. पाच खोल्या दोन वर्षं भरलेल्या राहिल्या, तर सहावी-सातवी बांधायला कुणी अडवलं नाही. यजमानांना हे 'नाही' म्हणून सांगू नका, 'आधी पाच' म्हणून सांगा.

दिरांसाठी माझ्याकडे एक काम आहे, त्यांची तळमळ वाया जाऊ नये म्हणून. आंदोलनाचा बॅनर छापण्याआधी गावातल्या चार-पाच विहिरी-बोअरचं पाणी तपासून घ्यायला लावा. प्लांट येण्याआधी. भूजल सर्वेक्षण यंत्रणेची प्रयोगशाळा आहे, तिथे नेहमीच्या तपासण्यांबरोबर शिसं, निकेल होतं का ते विचारा, नसेल तर मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळेत. बाटलीवर गट नंबर, तारीख, विहिरीचा फोटो, अहवालाची मूळ प्रत ग्रामपंचायतीत. पाच वर्षांनी पाणी बिघडलं तर पहिलं उत्तर हेच मिळतं की "ते आधीपासूनच तसं होतं." तेव्हा हा अहवाल नसेल तर दिरांच्या हजार मेसेजना कुणी विचारणार नाही. दर उन्हाळ्याला पुन्हा तपासा.

आणखी एका गोष्टीवर त्यांनी डोळा ठेवावा, ती म्हणजे भंगार. शिशाच्या बॅटऱ्यांचं सगळ्यात वाईट विष मोठ्या कारखान्यापेक्षा शेताच्या कडेला रात्री पेटणाऱ्या भट्टीतून पसरतं. जुन्या बॅटऱ्या कुऱ्हाडीने फोडायच्या, आम्ल ओढ्यात, शिसं कढईत. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालानुसार जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात मी वर सांगितलेल्या पातळीइतकं किंवा जास्त शिसं आहे, आणि असं बेकायदा भंगारकाम हे त्याचं एक मोठं कारण. बॅटरी उद्योग आला की हे लोक मागोमाग येतात, पडीक जमिनीला चांगलं भाडं देतात. २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या नोंदणीकृत ठिकाणीच जायला हव्यात. गावात कुणी अशा भट्टीला जागा देणार नाही, एवढं तरी ग्रामसभेत ठरवता येतं. आणि तिथे तुमचा शब्द खरोखर चालतो.

राहिला ठराव. 'गाव संपूर्ण सहकार्य करेल' असं एका ओळीचं छापील काही आणलं असेल तर ते परत द्या. तुम्ही लिहा: कंपनीने उत्पादनाचा प्रकार आणि संमतीपत्राची प्रत ग्रामपंचायतीला द्यावी. पाणी कुठून, किती, आणि जायकवाडीत पाणी कमी असेल त्या वर्षी काय, हे लेखी सांगावं. कर ग्रामपंचायतीला मिळणार की औद्योगिक नगरीच्या यंत्रणेला, हे स्पष्ट करावं. आग लागली तर गावाला कोण, कसं कळवणार, कुठल्या रस्त्याने बाहेर काढणार, याची गावासोबत वर्षातून एकदा तालीम व्हावी, औद्योगिक सुरक्षा संचालनालयाच्या अधिकाऱ्यासमोर. शिशाचं काम असेल तर ठेकेदाराच्या कामगारांसकट सगळ्यांची रक्ततपासणी, कपडे कारखान्यातच धुणं, आणि सुट्टीच्या वेळी अंघोळीची सोय. शाळेच्या इमारतीचं आश्वासन मिळेल, ते घ्या, पण सीएसआर, म्हणजे कंपनीने समाजकामावर करायचा खर्च, कायद्याने निघतो नफ्यातून, आणि नव्या कंपनीला कैक वर्षं नफाच नसू शकतो. तेव्हा शाळा कधी, कुठल्या पैशातून, हेही लिहून घ्या.

यातलं सगळं मिळणार नाही. निम्म्यावर कंपनीचा माणूस "वर विचारतो" म्हणेल. म्हणू द्या. ठराव मासिक सभेत गुपचूप न घेता ग्रामसभेत मांडा, कंपनीला ग्रामसभेतच उत्तर द्यायला लावा, आणि ती उत्तरं इतिवृत्तात शब्दशः उतरलीत का हे सही करण्याआधी स्वतः वाचा. नंतर ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून शिक्क्याची प्रत मागून घ्या, एक तुमच्या घरात, एक दिरांच्या.